उठायला लागलेला वेळ

"मॅडम, हे जरा विचित्र आहे," मगदूम म्हणाला. "मोजायला बसलं की बरोबर येतंय. मोजणं काढलं की चुकतंय."

इचलकरंजीत अण्णासाहेब शिरगाव्यांच्या शेडला लागून एक काचेची केबिन होती, तिच्यात आम्ही चौघं उभे होतो. काचेपलीकडे चोवीस माग चालू होते आणि त्यांच्या आवाजाने टेबलावरच्या चहाच्या पृष्ठभागावर बारीक लाटा उठत होत्या. अण्णासाहेब मालक. त्यांच्या मागे मुजावर, त्यांचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारायची तो माणूस. साठीला आलेला, कानात कापसाचे बोळे. मगदूम माझ्या हाताखालचा इंजिनियर. आणि मी, पुण्याहून सकाळीच येऊन पोचलेली त्याची वरिष्ठ. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे तुझा माग लाजतो म्हण की," मी म्हणाले. "पाहुणे बघायला आले की खाली मान घालून नीट बसतो."

अण्णासाहेब हसले. त्यांनी हसावं म्हणूनच मी ते बोलले होते. मगदूमही थोडा हसला, कारण वरिष्ठ विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. मुजावर हसला नाही. मला वाटलं, त्याला बोळ्यांमुळे ऐकू आलं नसेल.

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. आमची कंपनी लहान होती आणि आम्ही मागांसाठी नियंत्रणाचे खोके बनवायचो. एअरजेट मागात आडवा धागा वाहून नेणारा धोटा नसतो. आडवा धागा हवेच्या फुंकरीवर या टोकाकडून त्या टोकाला जातो, आणि वाटेतल्या हवेच्या झडपा एकामागोमाग एक नेमक्या क्षणी उघडाव्या लागतात. झडपेला उशीर झाला की धागा अर्ध्या वाटेत मान टाकतो, माग थांबतो आणि जॉबर धावतो. झडपा उघडायचं काम आमच्या खोक्यातल्या एका छोट्या प्रोग्रामचं. पण त्याला त्याच्या वेळेला जागेवरून उठवून प्रोसेसरवर बसवायचं काम कर्नेलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं.

कर्नेल म्हणजे डॉक्टरांच्या दाराशी बसलेला कंपाउंडर समजा. डॉक्टर एक, पेशंट पन्नास. आता कुणाला आत सोडायचं आणि कुणी बाकावर बसायचं हे तो ठरवणार. आमचा कंपाउंडर कामाला वाईट नव्हता, पण गप्पिष्ट. तातडीचा पेशंट दारात आला तरी तोंडातलं बोलणं पुरं केल्याशिवाय उठायचा नाही. हाक आल्यापासून उठेपर्यंत त्याला कधीकधी अठराशे मायक्रोसेकंद लागायचे. मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा दहा लाखावा तुकडा, तेव्हा हे ऐकायला काहीच नाही. पण मागाला दोनशेच्या वर चालत नव्हतं. भरतेश मगदूम चार महिने या एका आकड्याच्या मागे होता. कुठला ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, कुलूप लावून बसतो, कुठल्या कामाला मधेच उठवता येत नाही, एकेक शोधून त्याने ते सोडवलं. अठराशेचे सहाशे झाले, सहाशेचे दोनशे दहा, आणि एका बुधवारी दुपारी त्याने माझ्या टेबलावर कागद ठेवला. दिवसभरातला सगळ्यात वाईट आकडा होता एक्याऐंशी.

मी मोजण्यावर विश्वास ठेवणारी बाई. मोजल्याशिवाय काहीही चालवायचं नाही, असा माझा नियम होता आणि तो भिंतीवर लावलेला होता. यंत्राचं एक सोडा, माणसांचंही मी मोजायचे. निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. हाक मारली की कोण किती वेळाने मान वर करतो, विचारलेल्याचं उत्तर कोण त्याच दिवशी देतो, कोण "बघतो" म्हणून तीन दिवस घेतो, हे सगळं मी तिच्यात लिहायचे. आमच्यातले एक जण हाकेआधीच उठायचे; त्यांच्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातलं होतं. मगदूमपुढे लिहिलं होतं, "तिसऱ्या हाकेला." तो कामात बुडालेला असला की पहिल्या दोन हाका त्याच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणायचे की आधी तुझ्या कर्नेलला दुरुस्तीचा पॅच लाव. तो म्हणायचा, हो मॅडम. वार्षिक मूल्यमापनात मी ते लिहिलंही होतं, विनोद वगळून.

चाचणी एका मागावर झाली, आठ तासांची. उठायला लागणारा वेळ मोजण्याचा एक प्रोग्राम मगदूमने आयता घेतला होता, तो खोक्यात चालू होता आणि त्याचा आलेख लॅपटॉपवर दिसत होता. लॅपटॉपचं तोंड अण्णासाहेबांच्या खुर्चीकडे करायचं, ही युक्ती माझी. गिऱ्हाइकाला हलता आकडा दिसला की विश्वास बसतो. आठ तासांत आमच्यामुळे माग एकदाही थांबला नाही. अण्णासाहेबांनी सही केली: आधी सहा मागांना खोके, पंधरा दिवस नीट चालले तर उरलेल्या अठरांना. त्या अठरांवर आमच्या कंपनीचं पुढचं वर्ष उभं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं.

सहा खोके पाठवण्याआधी त्यांतून मोजण्याचा प्रोग्राम काढून टाकायला मीच सांगितलं. शिंप्याने कपड्यात टेप ठेवून द्यायची नसते.

चौथ्या दिवशी फोन आला. माग थांबतायत. सहाही. तासाला एक-दोनदा, कधी जास्तच. शनिवारी मी मगदूमला पुढे पाठवलं. संध्याकाळी तो फोनवर म्हणाला की समोर उभं राहून अकरा स्टॉप बघितले. रविवारी लॅपटॉप जोडून, प्रोग्राम परत घालून मोजतो म्हणाला. रविवारी फोनच आला नाही. सोमवारी मी पोचले, तीन तास मागांसमोर खुर्ची टाकून बसले. एकही स्टॉप नाही. आकडा बासष्टच्या वर गेला नाही. आणि मग त्याने ते वाक्य म्हटलं, मोजलं की बरोबर, नाही मोजलं की चूक.

तुम्ही माझ्या जागी काय समजला असता?

मला तर लख्ख दिसलं. सहा खोक्यांत याने चुकून जुनं कर्नेल भरलं होतं. शनिवारी त्याच्या ध्यानात आलं. रविवारी गुपचूप नवीन घातलं, म्हणून फोन नाही. आणि आता चूक झाकायला ही कथा. माणूस चूक झाकताना गोष्ट सांगतो आणि चूक जितकी मोठी तितकी गोष्ट अचाट, हे माझ्या वहीत सतरा नोंदींवरून सिद्ध झालेलं होतं. ही अठरावी.

हसू ओसरल्यावर मगदूम पुढे आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एक तास द्या. मोजणं काढतो. तुम्ही इथंच उभ्या राहा, मी कीबोर्डला हातसुद्धा लावणार नाही."

"आणि थांबले तर?"

"थांबणारच. तेच दाखवायचंय."

अण्णासाहेब शेजारीच होते. तीन तास एकही स्टॉप न बघितल्यामुळे ते नुकते कुठे खुर्चीत टेकले होते. आणि हा त्यांच्या डोळ्यांदेखत सहा माग थांबवून दाखवायला निघाला होता.

मुजावरने तेवढ्यात कानातला एक बोळा काढला. "पोरगं खरं बोलालंय, मॅडम," तो म्हणाला. "शनवारी अकरा स्टॉप, मी मोजलेत. काल एक बी न्हाई. आणि त्यानं आतलं काय बदललं न्हाई. मी दिवसभर हितंच हुतो, त्याच्या बाजूला."

दोघं एकाच मुलखातले. मगदूम जयसिंगपूरचा, तिथून तासाभरावरचा. पुण्यात माझ्याशी पुस्तकी बोलायचा आणि इथे मुजावरशी बोलताना त्याची भाषा सैल झालेली मी सकाळीच ऐकली होती. दोन दिवस एका ताटात जेवलेला माणूस साक्ष देणारच, असा मी हिशेब केला आणि मुजावरची साक्ष बाद केली. त्याला प्रोसेसरमधलं काय कळणार, हा दुसरा हिशेब. पण तो प्रोसेसरबद्दल काही बोललाच नव्हता. त्याने फक्त मोजलेलं सांगितलं होतं. माझ्याच धर्मातला होता तो, पण हे माझ्या डोक्यात यायला बराच काळ जायचा होता.

"नको," मी म्हणाले. "मोजणं राहू दे चालू. सहाही खोक्यांत. कायमचं."

"पण मॅडम, कारण कळल्याशिवाय..."

"कारण मला कळलंय."

मग त्याने लॅपटॉप उचलला आणि एकेका खोक्यात मोजणं कायमचं चालू राहील अशी सोय करायला गेला. अण्णासाहेबांनी मला कांदाभजी मागवली.

परतताना गाडीत कराडच्या पुढे मीच विषय काढला. सहा खोक्यांत जुनं कर्नेल गेलं होतं एवढं अहवालात लिही, म्हटलं. चुका सगळ्यांच्या होतात, मी सांभाळून घेईन. मला खरंच वाटत होतं की मी मोठेपणा करते आहे.

"जुनं नव्हतं गेलं," तो म्हणाला.

"मग काल फोन का नाही केलास?"

"काय सांगणार होतो? मलाच कळत नव्हतं. कळल्यावर करावा म्हटलं."

"काहीतरी लिहावं तर लागेल ना."

"न केलेलं कसं लिहू, मॅडम?" साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघून झाल्यावर तो आणखी एकदाच बोलला. "एक तास द्यायला हवा होता."

अहवाल मीच लिहिला. "जुनी आवृत्ती गेली असण्याची शक्यता, माहिती वेळेवर दिली नाही." शुक्रवारी त्याने राजीनामा ठेवला. मी थांबवलं नाही. गेलेले लोक नंतर तक्रारींच्या मेल पाठवतात, हा माझा अनुभव, म्हणून त्याच्या नावाने आलेलं सगळं परस्पर एका वेगळ्या कप्प्यात पडेल अशी व्यवस्था करून ठेवली. पुढच्या तीन महिन्यांत दोन कंपन्यांतून त्याच्याबद्दल विचारायला मला फोन आले. दोघांनाही मी एकच उत्तर दिलं. "हुशार आहे. पण लक्ष ठेवावं लागतं."

उरलेले अठरा माग मिळाले. मग आणखी. आमच्या प्रत्येक खोक्यात मोजण्याचा प्रोग्राम जायला लागला. मी त्याला "निगराणी" असं भारदस्त नाव दिलं आणि नव्या भरतीसमोर दरवर्षी शिरगाव्यांच्या शेडची कथा सांगायचे. लक्ष असलं की माणूस असो की मशीन, नीट चालतं. मुलं लिहून घ्यायची. माग लाजतो, या वाक्याला दरवर्षी हशा यायचा.

सहा वर्षांनी खोके मरायला लागले. निगराणी रात्रंदिवस आकडे लिहीत होती आणि लिहून लिहून आतली मेमरी कार्डं झिजली होती. शर्वाणी पेठे नावाची एक नवी मुलगी होती, तिने सरळ निगराणी काढून टाकली. प्रयोगाच्या मागावर झडपा लगेच चुकायला लागल्या. ही मुलगी कुणाला विचारायला गेली नाही, हसायला गेली नाही. मोजण्याचा प्रोग्राम उघडून पहिल्या ओळीपासून वाचत बसली. जेवणाच्या सुट्टीच्या आत माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, हा प्रोग्राम सुरू होतो ना, तेव्हा पहिल्यांदा प्रोसेसरला सांगतो की मी आहे तोवर गाढ झोपायचं नाही. म्हणजे आपण मोजतो तेव्हा तो जागाच असतो. मोजणं काढलं की दोन कामांच्या मध्ये वीज वाचवायला झोपतो, आणि हाक आली की उठायला वेळ लावतो. कुणाला कधी उठवायचं हे आपलं शेड्युलिंग चोख आहे. फक्त झोप बंद करायला हवी. एका ओळीचं काम आहे."

मी म्हटलं, छान.

"इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. मी तिला चहा घेऊन ये म्हणून सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं असणार, कारण मी कुणाला चहा आणायला लावत नसे.

ती गेल्यावर मी तो जुना कप्पा उघडला. सहा वर्षांत एकदाही उघडला नव्हता. आत एकच मेल होती, ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेली. तो गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची. विषय होता, "माग लाजत नाही".

"मॅडम, घरच्या मशीनवर करून पाहिलं. मोजणारा प्रोग्राम चालू असेपर्यंत प्रोसेसरला झोपू देत नाही. आपण मोजल्याशिवाय कधी चालवलंच नाही म्हणून चार महिने दिसलं नाही. चूक माझीही आहे, मीच तो वाचायला हवा होता. उपाय एका ओळीचा आहे, खाली दिला आहे. मुजावरमामांनाही सांगा, त्यांनी विचारलं होतं. भरतेश."

खाली ती ओळ होती. शर्वाणीने लिहिली तीच.

पुढच्या आठवड्यात मी जयसिंगपूरला गेले. दुपारची वेळ होती. मगदूम आता दूध संकलन केंद्रांची दुधातली फॅट तपासायची यंत्रं दुरुस्त करतो, असं चौकात विचारल्यावर कळलं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. फळीवर आठ-दहा यंत्रं उघडी पडलेली, आंबूस दुधाचा वास. तो थोडा जाड झाला होता. मला बघून त्याने आधी स्टुलावरची तारांची गुंडाळी उचलली आणि मग बसा म्हणाला. आतून बायकोने चहा पाठवला. मुजावरमामा दोन वर्षांपूर्वी गेले, हे त्याने सांगितलं. शेवटपर्यंत विचारायचे, पुण्याच्या मॅडमनी काय कळवलं का.

मी पुण्यापासून वाक्यं जुळवत आले होते. ती सगळी सोडून दिली.

"तुमची मेल मला मागच्या आठवड्यात मिळाली," मी म्हणाले. मी 'तुझी' नव्हे, 'तुमची' म्हणाले, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. "उघडलीच नव्हती मी."

तो हातातल्या पेचकसाकडे बघत राहिला. हाक पोचायला लागणारा त्याचा तो जुना वेळ मला ओळखीचा होता. या वेळी मी मोजला नाही.

"उघडलीच नव्हती?"

"नाही."

"मला वाटायचं, तुम्ही वाचलीत आणि तुम्हाला पटली नाही." त्याने पेचकस खाली ठेवला. "ते बरं होतं. त्यात भांडता येत होतं. गाडी चालवताना, आंघोळ करताना, मी तुम्हाला समजावून सांगायचो. तुम्ही एकेक आक्षेप काढायचात, मी खोडायचो. शेवटी शेवटी तुम्ही मानायला लागला होतात." तो थोडा हसला, त्या केबिनमध्ये हसला होता तसाच. "म्हणजे सहा वर्षं मी बोलत कुणाशी होतो म्हणायचं?"

मी फोनवर आलेल्या त्या दोन कंपन्यांचंही सांगितलं. मी काय म्हणाले होते तेही, शब्दन् शब्द. तसा अंदाज होता, म्हणाला तो. मी म्हटलं, आता सगळ्यांना लेखी कळवते, कंपनीत परत या, तुमच्यासारखा माणूस आज लाखात शोधून मिळत नाही. तो शांतपणे ऐकत होता, पण ऐकणारा चेहरा नव्हता तो. दुकानदार फिरत्या विक्रेत्याचं ऐकून घेतो, तसं काहीतरी होतं.

"कर्नेल आता पुष्कळ पुढे गेलं असेल," तो म्हणाला.

"शिकाल की. तुम्हाला काय अवघड आहे?"

"अवघड नाही," तो म्हणाला. "पण तेव्हा मला एक तास हवा होता. आता तुम्ही वर्षं देताय."

बाहेर एक टेम्पो थांबला. कुणीतरी इंजिन चालू ठेवूनच, उतरण्याचेही कष्ट न घेता, हाक मारली, "ओ मगदूम."

तो पहिल्याच हाकेला उठला.